ताडपत्रीच्या बदल्यात एक डावखुरा

डेलमार हुश्का त्या शुक्रवारी खोटं बोलला नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जो गोंधळ झाला त्यात बऱ्याच लोकांनी त्याला खोटारडा ठरवलं, आणि त्यात त्याची बायकोही होती. पण त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं वाक्य शंभर नंबरी खरं होतं. वाक्य एवढंच होतं: "मी काही म्हणत नाही, पण रोलांडो कॉफीचा कप उजव्या हाताने उचलतो."

आता रोलांडो पेगेरो हा डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा. घोळ झाला तो एवढ्यामुळेच.

केटल बेंड गावच्या आमच्या बेसबॉल संघाचं नाव मडटर्टल्स, म्हणजे चिखलातली कासवं. संघ नावासारखाच आहे, चिखलात बरा आणि एरवी सावकाश. असल्या छोट्या संघांना खेळाडूंना हॉटेलात उतरवणं परवडत नाही, म्हणून उन्हाळाभर गावातली घरं एकेक खेळाडू वाटून घेतात. हुश्कांच्या वाट्याला गेल्या वर्षी जो आला होता तो न्याहारीला आठ अंडी खायचा आणि जाताना चार टॉवेल घेऊन गेला. यंदा रोलांडो आला. डॉमिनिकन, वय तेहतीस, उजवा गुडघा दुखरा, आणि अकरा वर्षांत नऊ संघांनी वापरून पुढे ढकललेला. तळघरातल्या खोलीत राहायचा, ताटातलं सगळं संपवायचा, ताट स्वतः धुवायचा, आणि डेलमारला ‘दॉन डेलमार’ म्हणायचा. त्याच्या देशात मानाच्या वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात. डेलमारला एकसष्ट वर्षांत कुणी मानाचं काही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी तो उगाचच दोनदा हाकेला ‘काय?’ म्हणाला.

पण खरी गोष्ट गाईची होती. डेलमार कौंटीच्या जमीन नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं खिडकीमागे बसलेला माणूस. त्याच्याकडे विनोद एकच होता. कार्यालयात १८८७ सालचं एक खरेदीखत आहे, आणि त्यात शेताची पूर्वेकडची हद्द ‘मोठ्या खडकापासून ओलाफच्या तपकिरी गाईपर्यंत’ अशी लिहिलेली आहे. पुढे गाय हलली. भांडण नऊ वर्षं चाललं. डेलमारच्या मते पृथ्वीच्या पाठीवर याहून विनोदी काही घडलेलंच नाही. त्याची बायको व्हर्ना ‘मोठ्या खडका’शी आली की ताटं आवरायला उठायची. ओरेगनमध्ये राहणाऱ्या मुलीने तर फोनवर गाय काढायची नाही अशी अटच घातली होती. रोलांडो मात्र पहिल्या रात्री डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याला तेव्हा एक अक्षरही कळलं नव्हतं, हे त्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. जूनमध्ये त्याने ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली, ती कळली, आणि तो आधीपेक्षा जास्त हसला. असा माणूस कुणी ताडपत्रीच्या बदल्यात देतं का?

पण प्रस्ताव ताडपत्रीचाच होता.

शुक्रवारी सकाळी रेडिओवर मर्व्ह लुंडीनने दुधाचा भाव आणि गावातल्या अंत्ययात्रा यांच्या मधोमध बातमी दिली. न्यू जर्सीकडच्या फेरीमेन नावाच्या संघाला डावखुरा पिचर हवा आहे आणि त्यांचा डोळा पेगेरोवर आहे. बदल्यात ते मडटर्टल्सना पावसात मैदान झाकायची एक ताडपत्री, फक्त तीन हंगाम वापरलेली, आणि एक ‘नंतर नाव कळवण्यात येणारा खेळाडू’ द्यायला तयार आहेत. अदलाबदलीची मुदत सोमवारी, एकतीस जुलैला, संध्याकाळी पाच वाजता संपते. यानंतर मर्व्हने मिसेस टॉफ्टे वारल्याचं सांगितलं, आणि डेलमारला वाटलं की दोन्ही बातम्या एकाच जातीच्या आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव लायन्स हॉलमध्ये तळलेले मासे खायला जमतं. त्या दिवशी माशाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. प्रत्येक टेबलावर सौद्याचं वजनमाप चाललं होतं.

"हे बघ," डेलमारचा शेजारी ऑरिन स्टँगल काटा नाचवत म्हणाला. आयुष्यभर विहिरी खणलेला माणूस, प्रत्येक गोष्टीच्या तळाशी जायचा. "ताडपत्रीला गुडघा नसतो."

"आणि ती जेवतही नाही," ऑरिनची बायको ग्लेनिस म्हणाली.

"ताडपत्री चाळीस वर्षं टिकते. तेहतिशीचा डावखुरा? चाळीस दिवस म्हण. गेल्या वर्षी आपल्या ताडपत्रीच्या भोकांमुळे सहा सामने पाण्यात गेले की नाही?"

"त्या सहातले पाच आपण हरत होतो," डेलमार म्हणाला.

"तेच म्हणतोय. चांगली ताडपत्री असती तर पुरे तरी हरलो असतो."

ग्लेनिसला दुसरीच चिंता होती. "पण नंतर नाव कळवणार म्हणजे काय? नाव ठाऊक नसलेला माणूस मी घरात घेणार नाही, सांगून ठेवते. चादरी कुणाच्या नावाने घालू?"

डेलमारने हॉलभर नजर टाकली. सगळे हिशेब ताडपत्रीकडे झुकत होते. गावाला रोलांडो आवडत नव्हता असं नाही, पण गावाला मैदान कोरडं हवं होतं. दर संध्याकाळी पुढच्या ओट्यावर आपल्याशेजारी बसणारा तो माणूस मंगळवारी नसेल, ओट्यावर आपण आणि गाय दोघंच उरू, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं. तेवढ्यात त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"मी काही म्हणत नाही, पण रोलांडो कॉफीचा कप उजव्या हाताने उचलतो."

ऑरिनचा काटा हवेत थांबला. "हल्ली?"

डेलमारने माशावर लिंबू पिळलं. कोर्टात उभं केलं असतं तरी त्याच्यावर काही सिद्ध झालं नसतं. रोलांडो कप नेहमीच उजव्या हाताने उचलायचा, कारण डाव्या हातात त्याच्या नेहमी चेंडू असायचा. पण ‘हल्ली’ हा शब्द ऑरिनचा होता.

शनिवारी सकाळी पेट्रोल पंपावर रोलांडोचं कोपर सुजलं होतं. दहा वाजेपर्यंत खिळे-कुलपांच्या दुकानात ते निखळलं. दुपारी केशकर्तनालयात त्याला डाव्या हाताने बटण लावता येत नव्हतं आणि व्हर्ना हुश्का त्याला चमच्याने भरवत होती. चार वाजता मर्व्ह लुंडीनने रेडिओवर आवाज खाली आणून सांगितलं, "पेगेरोच्या अगदी निकटच्या, त्याच्याच छपराखालच्या सूत्रांकडून समजतं, की त्या हाताबद्दल गंभीर काळजी आहे."

व्हर्नाने रेडिओ बंद केला. "डेलमार, आपल्या छपराखाली सूत्रं किती आहेत?"

"मला काय माहीत?"

"मी मोजते. मी, तू, आणि तो. मी बोलले नाही."

"व्हर्ना, बातमीच्या धंद्यात सूत्रांची नावं विचारत नाहीत."

"मग जेवायला काय हवं तेही सूत्रांनाच विचारते," असं म्हणून व्हर्ना तडक बागेत गेली.

रविवारी पास्टरने प्रार्थनेत मिसेस टॉफ्टेच्या आत्म्यानंतर लगेच रोलांडोचा हात घेतला. मग व्हायचं तेच झालं. आमच्याकडे कुणी मेलं, किंवा मरेल असं वाटलं, की बायका कॅसरोल घेऊन येतात. काचेच्या भांड्यात खाली खिमा, मध्ये मशरूमचं घट्ट सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, आणि भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी, म्हणजे भांडं परत यावं. दुपारी दोनपर्यंत हुश्कांच्या दारात अकरा कॅसरोल आले. दार रोलांडोच उघडत होता आणि ती जड भांडी डाव्या हातावर झेलत आत नेत होता.

"बघा तरी," बायका एकमेकींना म्हणत, "दुखतंय पण दाखवत नाही. केवढा धीराचा!"

"मिसेस व्हर्ना," रोलांडोने सातव्या भांड्यानंतर विचारलं, "आज काही सण आहे का?"

व्हर्नाने डेलमारकडे पाहिलं. डेलमारने भांडं उचललं आणि ते फ्रीझरमध्ये ठेवायच्या निमित्ताने तो गॅरेजमध्ये पळाला.

गॅरेजमधल्या जुन्या फ्रीझरजवळ फोनची रेंज सगळ्यात चांगली येते, म्हणून रोलांडो रोज संध्याकाळी तिथे बादली पालथी घालून बसायचा आणि घरी बोलायचा. डेलमार भांड्यांसाठी जागा करून वळतो तर रोलांडो मागोमाग आलेला. तो बादलीवर बसला होता, पण फोन खिशात होता.

"फेरीमेननी माघार घेतली, दॉन डेलमार," तो म्हणाला. "संघाच्या ऑफिसातून लव्हॉनचा फोन आला होता. कुणीतरी त्यांना सांगितलंय की माझा हात गेला."

"बरंच झालं," डेलमार म्हणाला. "म्हणजे, वाईट झालं. म्हणजे, राहशील इथेच."

रोलांडो जरा हसला. "त्यांचं मैदान माझ्या बायकोच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. माझी लेक यामिलेत आता सहा वर्षांची झाली. गेल्या दोन वर्षांत मी तिला अकरा आठवडे पाहिलंय. तिच्या वर्गात सगळ्यांनी बाबांचं चित्र काढलं, तर हिने फोन काढला." मग तो घाईघाईने म्हणाला, "तुम्हाला आधी सांगणार होतो. पण मिसेस व्हर्ना एवढं प्रेमाने करतात, वाईट वाटलं असतं. म्हटलं, ठरलं की सांगू."

डेलमारच्या हातात ग्लेनिस स्टँगलचा बर्फगार कॅसरोल होता. तो त्याने तसाच धरून ठेवला. बोटं बधिर झाली तरी त्याला ते कळलं नाही, कारण बाकीचा डेलमारही तोवर बधिर झाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती नेमकी कुठे ठेवावी हे त्याला समजेना. शेवटी त्याने तीही फ्रीझरमध्ये ठेवली आणि आत जाऊन झोपला, दुपारी साडेतीनला.

सोमवारी त्याने रजा टाकली. एकतीस वर्षांतली ती तिसरी रजा; पहिल्या दोन लग्नाला आणि मुलीच्या जन्माला होत्या. सकाळी सातला त्याने मर्व्ह लुंडीनला फोन लावला.

"मर्व्ह, त्याचा हात ठणठणीत आहे. अगदी घोड्यासारखा."

"कोण बोलतंय?"

"डेलमार हुश्का."

"म्हणजे सूत्र?"

"मी सूत्र नाही!"

सव्वासातला मर्व्हने जाहीर केलं की पेगेरो ज्या घरात राहतो ते कुटुंब आता सगळं नाकारू लागलं आहे, भेदरलेलं आहे, आणि त्यांनी हाताची तुलना घोड्याशी केली. लंगड्या घोड्याचं पुढे काय करतात हे श्रोत्यांनी ओळखावं. यानंतर दुधाचा भाव दोन सेंटने उतरला. त्याचा रोलांडोशी संबंध नव्हता, पण ऑरिनला तसं वाटत नव्हतं.

नऊ वाजता डेलमार मैदानावरच्या पत्र्याच्या ऑफिसात गेला. तिथे लव्हॉन किटलसन गणवेशांच्या घड्या घालत बसली होती. ती संघाची व्यवस्थापक होती, तिकिटं विकायची, मक्याच्या लाह्या भाजायची आणि धुलाईही करायची.

"त्यांना पुरावा हवाय," ती म्हणाली. "पाचच्या आत. डॉक्टरचा कागद द्या म्हणतात."

"मग देऊ."

"दवाखान्यात पहिली वेळ मिळते एकोणीस ऑगस्टची. आपल्या संघाचे डॉक्टर एबरसोल आहेत, पण ते गुरांचे. मी काल त्यांच्याकडून आणला." तिने कागद पुढे केला. छापील फॉर्म होता. ‘जनावर: एक. रंग: तपकिरी. खुरं: निरोगी. राज्याबाहेर वाहतुकीस योग्य.’

"मग हे पाठवलंस?"

"पाठवलं. त्यांनी विचारलं, चारा काय लागतो."

"त्याच्या चेंडूचा वेग मोजून कळवू की! हात गेलेला माणूस ताशी नव्वद मैलांनी कसा फेकेल?"

"आपलं वेगाचं यंत्र मेमध्ये पावसात गेलं. ताडपत्रीतून." लव्हॉनने घडी घातलेली पँट बाजूला ठेवली. "आणि तसंही संघाच्या यंत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. सगळेच तीन मैल वाढवून सांगतात. त्यांना तिऱ्हाइताचा आकडा हवा. सही-शिक्क्याचा. आणि फोनवरचा फोटो चालणार नाही, त्यात कुणीही फेरफार करतं. फॅक्स करा म्हणतात."

सही-शिक्का हा शब्द ऐकताच डेलमारच्या जिवात जीव आला. बाकी कशात असो नसो, शिक्क्यात त्याला गती होती.

कौंटीत वेग मोजायचं सरकारी, प्रमाणित यंत्र एकच होतं, आणि ते शेरीफच्या डेप्युटी मार्लिस ब्रँडव्होल्डच्या गाडीत होतं. तिला शोधायला डेलमार आपली ब्यूइक घेऊन निघाला. इथे सांगायला हवं की डेलमार ताशी पंचवीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर चोवीसने गाडी चालवतो. त्याच्यामागे लागणाऱ्या गाड्यांच्या रांगेला गावात ‘डेलमारची वरात’ म्हणतात. ब्यूइकच्या मागच्या काचेवर विमा कंपनीने दिलेली तबकडी आहे, ‘चाळीस वर्षे निर्दोष चालक’. गाय आणि ही तबकडी, आयुष्याची कमाई विचाराल तर एवढीच. मार्लिस सापडेपर्यंत तीन वाजले. ती वरातीतच सहाव्या नंबरला होती, पण हे डेलमारच्या लक्षात यायला वेळ लागला.

"चेंडूचा वेग?" मार्लिस म्हणाली. "डेलमार, हे यंत्र गाड्यांसाठी आहे. आकडा दिसेल. पण कागद हवा असेल तर गाडीचा नंबर घालावा लागतो, रस्ता घालावा लागतो, मग दंडाची पावती निघते. नंबर नाही तर कागद नाही."

"मग माझ्या गाडीचा घाल."

मार्लिसने काळा चष्मा काढला. "नीट विचार कर. पावती निघाली की ती कोर्टाची झाली. मला ती मागे घेता येत नाही. शेऱ्यात मी खरं लिहीन, चेंडू म्हणून. पण नाव तुझं जाईल. आणि तुझं लायसन्स..."

डेलमारने मागे वळून तबकडीकडे पाहिलं. "तू चल," तो म्हणाला.

आता रोलांडोला सांगणं भाग होतं. चार वाजता तो हुश्कांच्या ओट्यावर चेंडू खेळवत बसला होता. डेलमार त्याच्यासमोर उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"ते मी बोललो होतो. कपाचं."

"कसलं कपाचं?"

"की तू कप उजव्या हाताने उचलतोस."

"मी नेहमीच उजव्या हाताने उचलतो."

"ते मला माहीत होतं. तरी बोललो. तू जाऊ नयेस म्हणून." मग डेलमारच्या तोंडून एकदम निघून गेलं, "घर रिकामं होतं रे तुझ्याशिवाय."

रोलांडोने चेंडू मुठीत घट्ट धरला. डेलमारला वाटलं, आता हा चेंडू आपल्या डोक्यात घालणार, आणि तसं झालं तर तो वेगही मार्लिसने मोजायला हवा.

"नऊ संघ," रोलांडो म्हणाला. "एकाने मला बॅटींच्या बदल्यात दिलं. एकाने बसच्या टायरांच्या. मला घालवायला लोकांनी काय काय खोटं सांगितलंय, विचारू नका. ठेवून घ्यायला आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं." तो उठला. "तुम्ही गाढव आहात, दॉन डेलमार. चला, कुठे फेकायचं?"

चेंडू झेलणारा कॅचर चीझच्या कारखान्यात पाळीवर होता, म्हणून रोलांडोच्या खोलीतली गादी गॅरेजच्या दाराला उभी टेकवली आणि त्यावर व्हर्नाने लिपस्टिकने चौकोन काढला. मार्लिस गाडीत बसून यंत्र रोखून तयार. तोवर टॅमरॅक स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून लोक बसले होते. हात तुटून पडणार असेल तर ते चुकवायला नको म्हणून. पलीकडच्या टेबलावर व्हर्नाने धुतलेली भांडी परत न्यायला मांडून ठेवली होती.

पहिला आकडा आला अकरा.

"अकरा!" लोकांत हळहळ पसरली. "बिचारा!"

"तो ऑरिनचा गवत कापायचा ट्रॅक्टर आहे," मार्लिस ओरडली. "ऑरिन, बाजूला हो!"

"मला जवळून बघायचंय!"

"ऑरिन!"

दुसरा चेंडू गेल्यावर पलीकडून काच फुटल्यासारखा आवाज आला. चेंडू गादीच्या कडेला लागून उडाला होता आणि तो ग्लेनिसच्या भांड्यात पडला होता. भांड्याचे दोन तुकडे, एकावर नावाची पट्टी शाबूत.

"ते माझ्या आईचं होतं!" ग्लेनिस ओरडली. मग तुकडे उचलत म्हणाली, "पण हात चांगला दिसतोय हो पोराचा."

रोलांडोने टोपी मागे सारली. दुखरा गुडघा वर घेतला, आणि तिसरा चेंडू सोडला. तो कुणाला दिसला नाही. गादीने नुसता ‘धप्’ आवाज केला, तिच्यातून पिसं उडाली, आणि मागे गॅरेजच्या दाराला कायमचा खळगा पडला. मार्लिसच्या गाडीतून कागद सरसरत बाहेर आला.

ताशी एक्याण्णव मैल. परवानगी पंचवीसची. जबाबदार व्यक्ती: डेलमार हुश्का. वाहन: ब्यूइक, उभी. शेरा: ‘वस्तू चेंडू, एक, फेकणारा आर. पेगेरो, डाव्या हाताने, तक्रार नाही.’ खाली सही आणि शेरीफचा शिक्का. चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

कौंटीत चालू फॅक्स एकच होता. तो जमीन नोंदणी कार्यालयात होता, आणि कार्यालय साडेचारला बंद होतं. एकतीस वर्षांत डेलमारने साडेचारनंतर खिडकी कुणासाठीही उघडलेली नव्हती. एकदा खुद्द व्हर्नाला, हातात त्याचाच डबा असताना, ‘उद्या या’ म्हणून सांगितलं होतं. आज त्याने किल्लीने दार उघडलं, खिडकीच्या अलीकडे उभा राहिला, आणि मग काही सुचेना म्हणून पलीकडे जाऊन बसला.

"दॉन डेलमार, दहा मिनिटं आहेत," दारातून रोलांडो म्हणाला.

"फॉर्म भरावा लागतो," डेलमार कासावीस होऊन म्हणाला. "फॅक्स वापरायचा तर अर्ज. अर्जानंतर तीन कामाचे दिवस. नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"मीच," डेलमार म्हणाला.

त्याने अर्ज भरला. अलीकडून भरला, पलीकडे जाऊन घेतला, चष्म्यावरून अर्जदाराच्या रिकाम्या जागेकडे संशयाने पाहिलं, आणि ‘मंजूर’ असा शिक्का मारला. तीन दिवसांच्या रकान्यात त्याने काट मारली, तीही पट्टी लावून. चार वाजून बावन्न मिनिटांनी कागद यंत्रात गेला. पाचला दोन कमी असताना लव्हॉनचा फोन आला. फेरीमेनचा माणूस म्हणाला होता, आमच्या वकिलाने आजवर कुणाच्या पिचरला अशी पावती लागलेली पाहिली नाही, सौदा पक्का.

रोलांडो मंगळवारी सकाळच्या बसने गेला. व्हर्नाने दोन कॅसरोल बांधून दिले आणि कुणाला दिसू नये म्हणून गॅरेजमध्ये जाऊन रडली. बसच्या पायरीवर उभं राहून रोलांडोने कागदाचा कॉफीचा कप उंच धरला, अख्ख्या गावाला दिसेल असा, डाव्या हाताने.

ताडपत्री आली त्याच आठवड्यात. तिला भोकं होती, पण ती आमच्या भोकांहून निराळ्या जागी होती, म्हणून दोन्ही एकावर एक घातल्या की मैदान कोरडं राहतं. नंतर नाव कळवण्यात येणाऱ्या खेळाडूचं नाव अजून कळलेलं नाही. ग्लेनिसने तरी चादरी घालून ठेवल्या आहेत.

ऑगस्टअखेर डेलमारची तारीख लागली. जजने पावती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"मिस्टर हुश्का, मी स्वतः तुमच्या वरातीत अडकलेला माणूस आहे. ही पावती मी एका मिनिटात रद्द करू शकतो. चेंडू हे वाहन नाही, असं नुसतं म्हणा."

कोर्ट भरलेलं होतं. ऑरिन पुढच्या बाकावरून जोरजोरात मान हलवत होता. डेलमारच्या मनात आलं, पावती रद्द झाली की ती खोटी ठरेल. ती खोटी ठरली की तिच्या जोरावर झालेला सौदाही गेला. कायदा तसं म्हणतो की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं; पण एकतीस वर्षांत एवढं त्याला कळलं होतं, की एका कागदातली गाय हलली तर नऊ वर्षं भांडण चालतं.

"गुन्हा कबूल आहे," तो म्हणाला.

"एक्याण्णव? टॅमरॅक स्ट्रीटवर?"

"हो, जजसाहेब. एक्याण्णव."

पंधरा दिवस लायसन्स गेलं. विमा कंपनीने तबकडी परत मागवली. साप्ताहिकात कोर्टाच्या रकान्यात छापून आलं, ‘डेलमार हुश्का, ६१, पंचवीसच्या रस्त्यावर ९१’, आणि कारण छापायची त्या रकान्यात पद्धत नसल्यामुळे शेजारच्या तीन गावांत त्याची भलतीच कीर्ती झाली. तो पायी कार्यालयात जायला लागला, तेव्हा अनोळखी पोरं गाड्या हळू करून त्याला सलाम ठोकायची. डेलमारने कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. त्याच्या खिडकीवर आता पाटी आहे, ‘वेळ साडेचारपर्यंत’, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘निकड असल्यास दार वाजवा’.

रविवारी संध्याकाळी तो गॅरेजमध्ये जातो, फ्रीझरजवळ बादली पालथी घालून बसतो आणि फोन लावतो. पलीकडून रोलांडो आधी हाताचं सांगतो, मग गुडघ्याचं, आणि मग फोन लेकीकडे देतो. डेलमार घसा साफ करतो आणि मोठ्या खडकापासून सुरुवात करतो. गाय हलली की यामिलेत खदखदून हसते. तिला त्यातलं अजून काही म्हणजे काही कळत नाही, हे डेलमारला माहीत आहे. पण तिच्या बापालाही आधी कुठे कळलं होतं? दोन महिने लागले होते. डेलमारला काही घाई नाही.